हात जिथे पोचतो तिथे: विंचेस्टर मॉडेल 70 आणि 1964 चा बदल

टेबलावर दोन रायफली शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींवर विंचेस्टर या अमेरिकन कंपनीचं नाव, दोन्ही मॉडेल 70, दोन्ही .30-06 या मापाच्या काडतुसाच्या, आणि दोन्ही कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन इथल्या एकाच कारखान्यातून निघालेल्या. एक 1950 च्या दशकातली, दुसरी 1964 नंतर लगेचची. दोन्ही रिकाम्या असल्याची आधी मालकाने खात्री केली, मग मी केली. त्यानंतर मी डोळे मिटले आणि एकेका दस्त्याच्या मनगटाभोवती, म्हणजे उजवा हात जिथे मूठ धरतो तिथे, हात फिरवला. कोणती जुनी आणि कोणती नवी हे सांगायला मला डोळे उघडावे लागले नाहीत.

एकीवर बारीक टोकदार दाणे तळव्याला चावत होते. दुसरीवर नक्षी होती, पण हात तिच्यावरून सरकत होता.

माझी सगळी नोकरी मशिन शॉपमध्ये गेली. कुठल्याही वस्तूचं काम कसं झालंय हे आधी बोटांनी बघायची सवय तिथेच लागली. कारखान्यात बनलेल्या शिकारी रायफलींच्या घडणीची तुलना करायची म्हटली की एक अडचण हमखास येते. दोन कंपन्यांच्या रायफली घेतल्या तर मूळ रचनाच वेगळी निघते, आणि घडण कुठे संपते नि आराखडा कुठे सुरू होतो तेच कळेनासं होतं. इथे तसं नाही. नाव तेच, कारखाना तोच, काडतूस तेच. बदललं ते बनवण्याचं गणित आणि त्यापायी काही भाग, आणि ते कोणत्या वर्षी बदललं हेही पक्कं ठाऊक आहे. इतकं स्वच्छ उदाहरण या क्षेत्रात दुसरं मला माहीत नाही.

आधीची गोष्ट

विंचेस्टरने 1925 साली मॉडेल 54 ही बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा हाताने मागे-पुढे करायची, रायफल बाजारात आणली. मंदीत कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 1931 च्या अखेरीस ऑलिन कुटुंबाच्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीने ती विकत घेतली. मॉडेल 54 मधल्या उणिवा दूर करून 1936 मध्ये मॉडेल 70 आली. तिचा सांगाडा 1898 च्या जर्मन माउझर रायफलीवरून घेतलेला होता: बोल्टच्या अंगावर काडतूस धरून मागे ओढणारा लांबलचक पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर, आणि रिसीव्हरमध्ये, म्हणजे ज्या पोलादी भागात बोल्ट सरकतो त्यात, पक्का बसवलेला, काडतूस बाहेर फेकणारा पात्यासारखा इजेक्टर. त्याला विंचेस्टरने तीन टप्प्यांची सेफ्टी (गोळी चुकून सुटू नये म्हणूनची कळ) आणि अगदी साधा, उघडा ट्रिगर जोडला. पुढे अमेरिकेत तिला 'रायफलमन्स रायफल' म्हणू लागले, आणि ते नाव तिला शोभत होतं.

ती बनायची कशी, हे या प्रकरणाचं मूळ आहे. रिसीव्हरसाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा भरीव तुकडा घ्यायचे, वजन साडेसात पौंड. त्याच्यावर 75 यांत्रिक क्रिया व्हायच्या, आणि शेवटी हातात यायचा तो रिसीव्हर 19.3 औंसांचा. म्हणजे विकत घेतलेल्या पोलादापैकी शंभरातले चौऱ्याऐंशी भाग चिप होऊन मशिनखाली पडत होते. नळीतल्या सर्पिल खाचा हुक पद्धतीने, एकेका खाचेत एकेक बारीक पापुद्रा खरवडत कापल्या जात. एका नळीला अकरा-बारा मिनिटं लागत. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती मागची जागा, पाच रीमर (भोक मापात आणणारी कटर) पाळीपाळीने फिरवून तयार व्हायचा. दस्ते अमेरिकन अक्रोडाचे. ते नक्कल करणाऱ्या लेथवर एका वेळी आठ असे ढोबळ कातले जात, पण धातू लाकडात जिथे बसतो ती शेवटची खोदाई हाताने व्हायची आणि मुठीवरचं चेकरिंग, म्हणजे पकडीसाठीची नक्षी, तेही हातानेच.

75 या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. ज्याने कधी मिलिंग मशिनवर काम केलेलं नाही त्याला तो नुसता मोठा आकडा वाटेल. पण प्रत्येक क्रियेमागे नग घट्ट धरणारं एक फिक्स्चर असतं, एक कटर असतो जो झिजतो, माप तपासणारं एक गेज असतं, ते लावून बघणारा एक माणूस असतो, आणि प्रत्येक क्रियेनंतर थोडे नग बाद होतात. साठाव्या क्रियेत नग बिघडला तर आधीच्या एकोणसाठ क्रियांची मजुरी पाण्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मजुरी वाढत गेली, तसा या पद्धतीचा प्रत्येक नग महाग होत गेला. यात कुणाची हयगय नव्हती. रचनाच स्वस्त मजुरीच्या काळातली होती.

समोरचा प्रतिस्पर्धी

रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने 1948 मध्ये 721 आणि 722 ही मॉडेलं काढली. ती आखणाऱ्यांपैकी मुख्य होते माइक वॉकर. त्यांनी सुरुवातच उलट्या टोकाकडून केली: आधी बनवायला सोपं काय ते ठरवलं, मग रायफल आखली. रिसीव्हर गोल, म्हणजे बराचसा लेथवरच तयार. दणका लाकडात उतरवणारा लग, म्हणजे पुढे आलेला पोलादी उंचवटा, विंचेस्टरमध्ये रिसीव्हरच्याच अंगातून कोरून काढावा लागे. इथे तो वेगळा, जाड वॉशरसारखा तुकडा होता, नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये दाबून बसवलेला. बोल्टची मूठ वेगळी करून ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेल्या जोडधातूने, चिकटवलेली. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बोल्टच्या तोंडात बसणारी पातळ कडी. याच सांगाड्यावर 1962 मध्ये मॉडेल 700 आली आणि तिने बाजार हलवला.

सॅव्हेज या आणखी एका अमेरिकन कंपनीनेही 1958 मध्ये मॉडेल 110 आणली. तिच्यात नळी नटाने घट्ट करायची सोय होती. नळी फिरवत गेजवर बरोबर आणायची आणि नट आवळायचा. एरवी चेंबरची खोली जुळवायला कुशल फिटर लागतो. इथे ते काम थोड्या सरावाच्या माणसाकडून होऊ लागलं. बोल्टचं डोकं किंचित हलतं ठेवलेलं होतं, त्यामुळे बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवणारे त्याचे लग आपोआप आपापल्या जागी टेकत. ही काटकसर मला फार आवडते, कारण तिच्यामुळे माल स्वस्तही झाला आणि अचूकही.

निर्णय

1960 च्या सुमारास विंचेस्टरमध्ये अभियंते आणि व्यवस्थापन या दोघांचंही एकमत झालं की जुन्या पद्धतीने बनवत राहिलं तर स्पर्धेत टिकेल असा भाव लावता येणार नाही. 1962 पर्यंत बदल ठरले आणि 1964 पासून अमलात आले. ते एकट्या मॉडेल 70 पुरते नव्हते. मॉडेल 94 या लीव्हरच्या रायफलीतही कोरलेल्या भागांच्या जागी पत्र्यातून ठोकलेले भाग आले. मॉडेल 12 ही पंपाची शॉटगन तर नेहमीच्या उत्पादनातून गेलीच. जुन्या मॉडेल 70 चे क्रमांक 5,81,471 पाशी थांबले आणि नव्या रायफलींचे 7,00,000 पासून सुरू झाले. कारखान्याने स्वतःच मध्ये एवढी मोकळी जागा सोडली, आणि पुढे ग्राहकांनी तीच सीमारेषा धरली.

काय बदललं

सगळ्यात मोठा बदल काडतूस पोचवण्याच्या पद्धतीत होता, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

जुन्या मॉडेल 70 मध्ये बोल्ट पुढे सरकवला की काडतूस मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, ओठांतून वर सुटतं आणि त्याच क्षणी त्याची कड लांब पंजाखाली सरकते. तिथून चेंबरपर्यंतच्या सगळ्या वाटेवर काडतूस बोल्टच्या ताब्यात असतं. अर्ध्या वाटेवर थांबून बोल्ट मागे ओढला तर काडतूसही मागे येतं आणि इजेक्टरच्या पात्यावर आपटून बाहेर पडतं. नव्या रचनेत पंजा गेला. बोल्टच्या तोंडातच एक छोटा एक्स्ट्रॅक्टर आणि स्प्रिंगवरचा दट्ट्यासारखा इजेक्टर आला. बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो. ते पकडलं जातं बोल्ट पुरता मिटताना. त्याआधी हात थांबला आणि बोल्ट मागे गेला, तर काडतूस चेंबरमध्येच राहतं. घाईत पुन्हा बोल्ट पुढे दाबला की दुसरं काडतूस पहिल्याच्या बुडाशी जाऊन भिडतं आणि सगळं अडकून बसतं.

टेबलावर आम्ही हे दारू नसलेल्या, सरावाच्या काडतुसांनी करून पाहिलं. जुनीमध्ये बोल्ट तीन-चतुर्थांश पुढे नेला, थांबलो, सावकाश मागे घेतला. काडतूस पंजात लटकत परत आलं. रायफल आडवी केली, उलटी केली, तरी तेच. नवीमध्ये हेच केलं तर बोल्ट रिकामा परत आला आणि काडतुसाचं पितळी बूड चेंबरच्या तोंडाशी चमकत राहिलं. दुसऱ्या ढकलीला दोन्ही काडतुसं एकमेकांवर चढली, आणि ती सोडवायला मालकाला मॅगझिनचं खालचं झाकण उघडावं लागलं. हरणामागे जाणाऱ्या शिकाऱ्याला असा प्रसंग क्वचितच येईल. अंगावर येऊ शकणाऱ्या जनावरासमोर उभं राहणाऱ्याला तो एकदाच आला तरी पुरे, आणि धोकादायक शिकारीसाठी पंजाची रायफल मागणारे लोक नुसत्या जुन्याच्या ओढीने मागत नाहीत.

पण याच बदलाची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणं बरोबर होणार नाही. पंजाला जागा मिळावी म्हणून जुन्या रचनेत काडतुसाच्या बुडाभोवती पोलादाचं पूर्ण कडं करता येत नव्हतं. नळीचं मागचं तोंड शंकूसारखं उतरतं ठेवलेलं होतं. काडतूस आत सरकायला ते उत्तम. पण बूड फाटलं तर मागे येणाऱ्या वायूला वाट मिळते. नव्या बोल्टच्या तोंडाने बुडाला चहूबाजूंनी कवेत घेतलं. या एका मुद्द्यावर नवी रायफल जुनीपेक्षा सरस होती, आणि त्या काळात हे फारसं कुणी ऐकून घेतलं नाही.

लाकूड आणि नळी यांच्यातल्या फटीचंही तसंच. जुन्या सर्वसाधारण मॉडेल 70 ची नळी पुढच्या बाजूला एका स्क्रूने लाकडाला बांधलेली असे. लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हात आकसतं, आणि ते नळीला ओढू लागलं की नेम सरकतो. नवीमध्ये नळी मोकळी सोडली. अचूकतेसाठी हा उपाय आज सगळेच करतात. पण कारखान्याने ती फट इतकी रुंद ठेवली की ती सुताराची चूक वाटावी. हाताने खोदाई करणारा माणूस काढून टाकल्यावर मोठी फट ही सोय होती: कुठलीही नळी कुठल्याही दस्त्यात घासल्याशिवाय बसणार. दुकानात रायफल हातात घेणाऱ्याला दिसली ती फक्त फट.

आता ते चेकरिंग. हाताने कापलेल्या चेकरिंगमध्ये दोन दिशांनी तिरप्या रेघा कोरतात आणि मध्ये उरतात ते लाकडाचे टोकदार चौकोनी दाणे. ओल्या किंवा घामेजल्या हातालाही ते पकड देतात, आणि मुळात त्यांचं काम तेच. 1964 मध्ये त्याऐवजी तापलेल्या ठशाने लाकडावर नक्षी दाबली गेली. ठशात लाकूड कापलं जात नाही, चिरडलं जातं. आणि इथे तर नक्षी उलटी उमटली: दाणे वर येण्याऐवजी खड्डे पडले. मी भिंगाखाली पाहिलं तेव्हा जुनीवरचा प्रत्येक दाणा वेगळा होता. काही जरा थकलेले, एका कोपऱ्यात रेघ किंचित हद्द ओलांडून गेलेली. कारागिराचा हात तिथे घसरला असणार. नवीवर सगळे खड्डे तंतोतंत सारखे, तळाशी लाकडाचे तंतू दबून गुळगुळीत झालेले आणि वर चमकदार रोगणाचा थर. डोळ्यांना नक्षी, हाताला काहीच नाही.

खालच्या झाकणाला आणि ट्रिगरभोवतीच्या कडीला पोलादाऐवजी हलका मिश्रधातू आला. त्याबद्दल जेवढी ओरड झाली तेवढी मला रास्त वाटत नाही. 1952 पासूनच्या हलक्या फेदरवेट मॉडेलमध्ये कारखाना हेच वापरत होता आणि तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. सेफ्टी तीन टप्प्यांचीच राहिली, ट्रिगरही मूळचाच.

बोल्ट मात्र सुरुवातीच्या वर्षांत डगडगत असे. पूर्ण मागे ओढल्यावर मूठ वर-खाली हलायची, आणि पुढे ढकलताना जोर जरा तिरका लागला की तो अडायचा. माझ्यासमोरच्या नवीमध्ये हे स्पष्ट जाणवत होतं. लांब दांडा थोड्याशा आधारावर पुढे-मागे करताना जोर मध्यरेषेवर नसेल तर तो रुततो. जाम होणारा टेबलाचा खण ज्याने कधी उघडलाय त्याला हे समजावून सांगायला नको.

निकाल

अचूकतेत नवी रायफल कमी पडली नाही. मोकळ्या नळीमुळे अनेकदा ती जुनीइतकी किंवा तिच्याहून चांगलीच लागायची. तरीही ग्राहकांनी ती नाकारली. 'प्री-64' हा शब्द तेव्हापासून वापरलेल्या बंदुकांच्या बाजारात एक वेगळं मोल घेऊन फिरतो आहे, आणि साठ वर्षांनीही त्या शब्दाला जादा पैसे मिळतात.

ग्राहक चुकले का? कागदावरच्या गोळ्यांच्या झुबक्याने मोजलं तर हो. मला ते तसं वाटत नाही. माझं म्हणणं असं की विंचेस्टरने आणि रेमिंग्टनने काटकसर सारखीच केली, पण रेमिंग्टनने ती केली जिथे हात पोचत नाही तिथे. गोल रिसीव्हर, वॉशरसारखा लग, ब्रेझ केलेली मूठ. दुकानात रायफल खांद्याला लावून बघणाऱ्याला यातलं काहीच खुपत नाही. विंचेस्टरने मात्र महागड्या रचनेतून पैसे काढायला गेल्यावर नेमकी तीच ठिकाणं निवडली जिथे ग्राहकाचा तळवा, अंगठा आणि नजर सगळ्यात आधी पडते. ग्राहकाला 75 क्रियांचा हिशेब माहीत नसतो. न दिसणारं काम कसं झालं असेल याचा अंदाज तो दिसणाऱ्या कामावरून बांधतो. हा अंदाज निर्बुद्ध नाही. जो कारखाना मुठीवर उलटी नक्षी उमटलेली पाहूनही माल बाहेर सोडतो, त्याने चेंबरच्या आत काय सोडलं असेल, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल.

पण 'प्री-64' हा शिक्का म्हणजे घडणीचा दाखला नव्हे. युद्धापूर्वीच्या मॉडेल 70 आणि 1960 च्या आसपासच्या मॉडेल 70 यांत फरक आहे. शेवटच्या वर्षांत कारखान्याची जुनी यंत्रसामग्री थकली होती आणि ते फिनिशिंगमध्ये दिसतं. कापण्याच्या खुणा ठळक, पॉलिश कमी, लाकूड-धातूचा सांधा ढिला. नुसत्या क्रमांकावर भाव लावणाऱ्यांनी रिसीव्हरच्या आत एकदा टॉर्च मारून बघावी.

आणि जिथे हात पोचत नाही तिथली काटकसर नेहमी निर्धोक असते असंही नाही. रेमिंग्टनच्या जुन्या, वॉकर यांच्या रचनेच्या ट्रिगरमध्ये कनेक्टर नावाचा एक सुटा तुकडा होता. त्याच्या फटीत कचरा शिरून चाप न ओढता गोळी सुटते असे आरोप झाले आणि त्यावरून वर्षानुवर्षे खटले चालले. त्याच्या जागी 2006 पासून एक्स-मार्क प्रो हा नवा ट्रिगर आला, आणि एप्रिल 2014 मध्ये तोही कंपनीने स्वतःहून परत मागवला. कारण काय, तर जुळणी करताना काही ट्रिगरमध्ये चिकटवण्याचं द्रव्य प्रमाणाबाहेर लागलं असण्याची शक्यता. आराखड्यात चूक नव्हती. जुळणीच्या टेबलावर एक थेंब जास्त पडला होता. घडण म्हणतात ती हीच. याउलट मॉडेल 70 चा जुना ट्रिगर उघडा, मोजक्या भागांचा. त्यात काय अडकलंय ते डोळ्यांनी दिसतं आणि फुंकर मारून साफ करता येतं. त्याचा स्पर्श आजच्या उत्तम ट्रिगरइतका नाजूक नाही, तरी चिखलात आणि थंडीत मी त्याच्यावरच भरवसा ठेवीन.

पद्धतीच्या नावावरून प्रत ठरवण्याची सवयही सोडावी लागते. बिल रुगर यांनी 1968 मध्ये मॉडेल 77 आणली तेव्हा तिचा रिसीव्हर मेणाच्या साच्यावरून ओतलेला होता. 'ओतीव' म्हटलं की जुन्या फिटरच्या मनात ठिसूळ बीडाचं चित्र उभं राहतं. माझ्याही मनात ते बरीच वर्षं होतं. पण चांगल्या पोलादाचं, नीट उष्णता दिलेलं ओतकाम मजबूत असतं, आणि त्या रायफली दणकट ठरल्या. फिनलंडच्या टिक्का टी3 मध्ये 2003 पासून मॅगझिन आणि चापाभोवतीची कडी प्लॅस्टिकची आहे, तरी तिचा बोल्ट तेलावर चालावा तसा चालतो, कारण कारखान्याने पैसे तिथे घातले.

पुढे काय झालं

विंचेस्टर जागेवर बसून राहिली नाही. 1968 मध्ये बोल्टला मार्गदर्शक खाच देऊन अडण्याचा दोष काढला गेला. त्या रायफलींच्या क्रमांकाआधी 'जी' हे अक्षर असतं. पुढच्या काही वर्षांत चेकरिंग पुन्हा कापून होऊ लागलं, फट आवळली गेली. 1979-80 च्या संपानंतर ऑलिनने 1981 मध्ये न्यू हेवनचा कारखाना विकला आणि तो यू.एस. रिपीटिंग आर्म्स या नव्या कंपनीकडे गेला. पुढे ती बेल्जियमच्या एफ.एन. समूहात आली. 1990 च्या दशकात 'क्लासिक' नावाने पंजाचा एक्स्ट्रॅक्टर परत आला. संगणकावर चालणाऱ्या मशिनींनी ते शक्य केलं: ज्या आकारासाठी एकेकाळी एकामागून एक फिक्स्चर लागायची, तो आता थोड्या बांधणीत कोरता येऊ लागला. 31 मार्च 2006 ला न्यू हेवनचा कारखाना बंद झाला. त्यानंतर मॉडेल 70 साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात बनू लागली, आणि 2013 पासून तिची जुळणी पोर्तुगालमध्ये होऊ लागली.

दोन रायफली हातात असतील तर

या प्रकरणातून मी माझी तपासण्याची रीत थोडी बदलली. आधी मी मुठीच्या कोरीव कामाकडे बघून मत बनवत असे. आता तिथे नजर पडली की मुद्दाम तिथून हात काढतो आणि बोल्ट बाहेर घेतो. बोल्टच्या लगच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे सारखी घासाची खूण आहे का? एकच लग चमकत असेल तर सगळा दणका एकटाच खातोय. रिसीव्हरच्या आत, जिथून काडतूस वर चढतं त्या उतारावर कटरच्या आडव्या रेघा आहेत का? नखाने ओढून पाहिलं की कळतं. नळीच्या पुढच्या तोंडाची कड चहूबाजूंनी सारखी हवी. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श तिचाच. मग सरावाची काडतुसं घालून बोल्ट मुद्दाम सावकाश चालवतो, कारण वेगात सगळ्याच रायफली चांगल्या चालतात. दस्त्यातून धातू काढायची परवानगी मिळाली तर दणका लाकडात उतरवणाऱ्या लगच्या मागचं लाकूड पाहतो. तिथे पूर्ण टेक असेल तर लाकडावर दाब एकसारखा उमटलेला असतो. टेक एकाच कोपऱ्यात असेल, तर वरून दस्ता कितीही देखणा असो, काही शे गोळ्यांनंतर तो तडकतो. स्क्रूच्या खाचा मात्र सगळ्यात शेवटी बघतो, आणि त्या कारखान्याबद्दल कमी, आधीच्या मालकाबद्दल जास्त सांगतात.

त्या दिवशी टेबलावरच्या दोन रायफलींना ही सगळी कसोटी लावली. जुनीच्या उतारावर रेघा होत्या, पण हाताने पॉलिश करून बोथट केलेल्या. लग दोन्ही टेकत होते. नवीचेही लग दोन्ही टेकत होते, नळीचं तोंड स्वच्छ होतं, आणि लगच्या मागचं लाकूड, माझ्या अपेक्षेपेक्षा, बरंच नीट बसलेलं होतं. दोष होते ते सगळे बाहेर, प्रकाशात.

यातली कोणती घेऊन जाता, असं मी मालकाला विचारलं. त्याने भिंतीला टेकवलेला एक काळपट फायबरचा दस्ता आणला आणि नवी रायफल तिच्या लाकडातून सोडवून चार मिनिटांत त्यात बसवली. हरणांसाठी हीच, म्हणाला. पावसात भिजली तरी नेम हलत नाही. ठशाची नक्षी असलेला मूळ दस्ता त्याने परत फडक्यात गुंडाळला. अस्वलांच्या मुलुखात जायचं असेल तेव्हा मात्र तो जुनीच नेतो.